माझ्या जागेवर सहकाऱ्याला तयार करायचंय, कसं करू?

कृष्णाकाठ :
नमस्कार मंडळी. मी मूळची कराडची, पाणी-स्वच्छतेची इंजिनिअर. तीन वर्षं बांगलादेशात कॉक्स बझारला एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेत आहे. कुतुपालोंगच्या रोहिंग्या कॅम्पात नळकोंडाळी, संडास आणि मैला उपसणं हे आमचं काम. हाताखाली अकरा माणसं, सगळी बांगलादेशी. माझं कॉन्ट्रॅक्ट आठ महिन्यांनी संपतंय आणि माझ्या जागी पुन्हा बाहेरून कुणी आणू नये असं मला मनापासून वाटतं.

कारण माझा एक सहकारी. इथे सगळे एकमेकांना भाई, आपा म्हणतात, म्हणून त्याला भाईच म्हणते. तो उखियाचाच, म्हणजे कॅम्प आहे त्याच उपजिल्ह्यातला. ऑगस्ट २०१७ पासून काही महिन्यांत सात लाखांवर रोहिंग्या म्यानमारची सीमा ओलांडून आले, तेव्हापासून तो या कामात आहे. त्याची चाटगावी (चितगावकडची) बोली रोहिंग्यांच्या भाषेच्या इतकी जवळ की त्याला दुभाषा लागत नाही. ढाक्याहून आलेल्यांनाही ते जमत नाही, मला तर नाहीच. तरी सलग दोन वर्षं त्याच्या अप्रेझलमध्ये 'संवादकौशल्य : सुधारणा हवी' असा शेरा आहे, कारण मदतसंस्थांच्या समन्वयाच्या बैठका इंग्रजीत चालतात. त्यातला एक शेरा माझ्या हातचा आहे. तो लिहिताना मी थांबून विचार केला नाही, याची मला आज लाज वाटते.

गेल्या पावसाळ्यात टेकडीचा उतार घसरला आणि मुख्य पाइप तुटला. मी तेव्हा रजेवर, ढाका ते पुणे प्रवासात. आम्हा परदेशी लोकांना काही आठवड्यांनी तिकिटासकट विश्रांतीची रजा मिळते, स्थानिकांना नाही. २५ हजार टकांच्या वरच्या खर्चाला माझी सही लागते आणि माझा फोन बंद. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, हा आकडा आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावलाय. त्या दिवशी तीन ब्लॉकना थेंब नव्हता. भाईने शेजारच्या संस्थेकडून स्वतःच्या शब्दावर पाइप उसना आणला आणि संध्याकाळी कॅम्प सोडायच्या वेळेआधी पाणी सुरू केलं. त्याला काय मिळालं, तर खरेदीची पद्धत पाळली नाही म्हणून खुलासा मागणारं पत्र.

यंदाच्या प्रशिक्षणाच्या बजेटमध्ये परदेशातल्या कोर्सची एकच जागा आहे आणि तीही माझ्या नावावर. भाईचं कॉन्ट्रॅक्ट सहा-सहा महिन्यांचं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मदतीचे पैसे थांबवले तेव्हापासून पुढच्या सहामाहीचं कुणीच बोलत नाही. अशात आठ महिन्यांत मी त्याच्यासाठी नेमकं काय करू?

नैरोबीत_सध्या :
ताई, मी अशाच एका संस्थेत एचआर बघतो. कोर्सची जागा दुसऱ्याला द्याच, पण सुरुवात तिथून करू नका. आधी अधिकारवाटपाचा तक्ता, म्हणजे कुठल्या खर्चाला कुणाची सही लागते तो कागद, मागवा. तुम्ही रजेवर गेलात की तुमची सही आपोआप भाईंची, हे त्यात लेखी घाला आणि त्या दिवसांचा कार्यकारी भत्ता मागा. भत्ता नसेल तर ती नुसती जबाबदारी होते. मग महिन्यातले काही दिवस तुम्ही ऑफिसात असतानाही सही त्यांचीच ठेवा.

खुलाशाच्या पत्राला तुमचं उत्तर फाइलला लागलंय का? नसेल तर आजच लावा. पुढची नेमणूक करणारा माणूस फाइल वाचतो, पाऊस कुणी पाहिलेला नसतो. आणि २०१६ च्या इस्तंबूलच्या जागतिक मदतकार्य परिषदेच्या वेळी मदतीचा २५ टक्के निधी शक्य तितका थेट स्थानिक संस्थांना द्यायचं ठरलं होतं. तेव्हा 'हे पद स्थानिक करा' ही मागणी नवी नाही. मात्र ती पद भोगणाऱ्याने लेखी केली तर वजन पडतं. तयारी आहे का?

औसा_तालुका :
किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ च्या ऑक्टोबरात, मी एका बाहेरच्या संस्थेत फॉर्म भरायला लागलो. बावीस वर्षांचा होतो. त्यांची शिबिरं पुष्कळ झाली, त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की तिथल्या इंजिनिअरबाईंनी एक दिवस साइट रजिस्टर आणि मस्टर माझ्या हातात दिलं आणि महिनाभर मागे उभ्या राहिल्या. सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब एकदा चुकला तेव्हा वरिष्ठांपुढे त्या स्वतः गेल्या, मला पुढे केलं नाही.

दोन वर्षांनी संस्था गेली. मला पुढची नोकरी लागली ती त्यांच्या पत्रावर. 'मेहनती व प्रामाणिक' असलं त्यात काही नव्हतं. किती घरांची मोजणी केली, कुठला हिशेब एकट्याने सांभाळला, सगळं लिहिलेलं. भाईंना तसं पत्र आत्ताच द्या. पैसे संपले की पत्र लिहायलाही कुणी उरत नाही.

पुणे_ऑफिस :
मी भारतातल्या ऑफिसात 'स्थानिक' म्हणूनच काम करते, म्हणून विचारते. भाईंना हे पद हवंय का, हे तुम्ही त्यांना विचारलंत? सही हातात आली की गावचे ठेकेदार, नातेवाईक, घरमालक, सगळे दारात येतात. तुम्ही कराडला निघून जाता. त्यांना उखियातच राहायचंय.

कृष्णाकाठ :
पुणे_ऑफिस, नव्हतं विचारलं. तुमचं वाचून गुरुवारी संध्याकाळी, शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीला सगळे निघताना, त्याला थांबवलं आणि विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपा, सही द्या. पण माणसं घ्यायची वेळ आली की निवड समितीत ढाक्याचं कुणीतरी हवं, एकट्यावर टाकू नका. माझा चुलतभाऊ आत्ताच विचारतोय." कोर्स नको म्हणाला. समन्वयाच्या बैठकीत बोलायला मात्र हवंय, आणि अडेल तिथे बांग्लात बोललं तर चालेल का, असं त्याने विचारलं.

औसादादा, पत्र लिहायला घेतलंय, तीन पानं झालीत. नैरोबीकर, खुलाशाचं उत्तर काल फाइलला लावलं. पद स्थानिक करण्याची मागणीही त्याच मेलमध्ये केली, अप्रेझलमधला माझा शेरा मागे घेतला आणि त्याचं कारण लिहिलं. कोर्सची जागा आमच्या लॅबमधल्या मुलीला मागितलीय.

रविवारच्या बैठकीला भाई जातोय. मी ऑफिसात थांबणार आहे.