नाशिकच्या ८०० चा टेंपरेचर काटा

मंडळी,
बाबांची जुनी मारुती ८०० (कार्बोरेटरवाली) नाशिकला इंदिरानगरात आहे. दिवसा टेंपरेचरचा काटा निम्म्याखाली असतो, रात्री हेडलाइट लावले की एचकडे (एच म्हणजे गरम, सी म्हणजे थंड) सरकतो. पाणी कमी होत नाही, फॅन लागतो आणि बंदही होतो. मेकॅनिक म्हणतो सेन्सर टाका, नाहीतर मीटर बदला. रविवारी भाऊ गाडी कसारा घाटातून ठाण्याला नेणार आहे. काय करावं?
— न्यू जर्सीहून

दादा, सेन्सर अजून विकत घेऊ नका. हेडलाइट लावल्याने पाणी तापत नाही, तेव्हा भानगड विजेची आहे आणि बहुतेक अर्थिंगची, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या जोडणीची.

भावाला आधी एवढंच बघायला सांगा: लाइट लावल्यावर पेट्रोलचा काटाही वर जातो का? दोन्ही काटे सरकले तर मीटरच्या क्लस्टरचं (सगळे काटे असतात त्या पॅनेलचं) अर्थिंग सैल आहे. पेट्रोलचा जागेवर राहिला आणि टेंपरेचरचाच सरकला, तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी गंजलेली आहे. कारण साधं आहे. टेंपरेचरचा सेन्सर इंजिनला अर्थ होतो, पेट्रोलचा फ्लोट (टाकीतला तरंगता सेन्सर) बॉडीला. पट्टीत अडथळा आला की लोड पडल्यावर इंजिन आणि बॉडी यांच्यात व्होल्टेजचा फरक पडतो. तो मीटरला दिसतो आणि काटा खोटं बोलतो.

मोजायचं असं. मल्टिमीटर डीसी २ व्होल्टवर. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नको, खांबावरच), दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. ०.१ पर्यंत उत्तम, ०.२ च्या वर गेलं की पट्टी खोलायची. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत करा, बोल्ट घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. आवळण्याआधी आत लावू नका.

सेन्सरवर संशय उरलाच तर इंजिन थंड असताना त्याची एकच वायर काढा. इग्निशन ऑन केल्यावर काटा सीवरच राहायला हवा. मग ती वायर ५ वॅटच्या छोट्या बल्बमधून अर्थ करा. काटा एचकडे निघाला तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक. वायर सुटी असतानाच काटा चढत असेल तर ती कुठेतरी घासून बॉडीला लागतेय.

सेन्सर स्वतः तापला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. कोमट पाण्यात शंभरच्या वर ओहम असतो, उकळत्या पाण्यात वीस-तीसवर येतो. पातेल्यात तपासताना एवढं लक्षात ठेवा की नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. आकडे घेताना १०० धरू नका.
— ह्यूस्टनहून

ह्यूस्टनच्या काकांच्या मेलमध्ये एक भर. सेन्सर बदललाच तर त्याच्या चुड्यांवर (आट्यांवर) टेफ्लॉन टेप गुंडाळू देऊ नका. सेन्सरचं अर्थिंग चुड्यांमधूनच होतं. टेपचे चार वेढे बसले की काटा कायम कमी दाखवतो, आणि ही चूक जास्त धोक्याची, कारण इंजिन खरंच तापलं तरी कळत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेच्या) घरावर काळी टेप चिकटवून तिथे मापा. चकचकीत अॅल्युमिनियमवर आकडा खोटा, कमी येतो.
— टोरांटोहून

मंडळी, भावाने मोजलं. पेट्रोलचा काटा हलत नाही. बॅटरी ते ब्लॉक ०.६२ व्होल्ट. पट्टीचा गिअरबॉक्सकडचा बोल्ट हिरवा पडला होता. साफ केल्यावर ०.०५, आणि हेडलाइट लावले तरी काटा जागचा हलत नाही. आता मात्र सकाळी काटा वर यायला वीस मिनिटं लागतात, हायवेवर पुन्हा खाली जातो. हे चालेल?
— न्यू जर्सीहून

दादा, आता काटा खरं बोलतोय. हा थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय, किंवा कोणीतरी तो काढूनच टाकलाय. नाशिककडे 'उन्हाळ्यात तापते' म्हणून काढतात, मग थंडीत इंजिन गारच राहतं, चोक जास्त वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळतं. ८२ अंशांचा नवा टाका, गॅस्केटही नवं घ्या. भरताना बोअरचं पाणी नको, क्षार साचतात. डिस्टिल्ड पाण्यात कूलंट, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. हीटर गरमवर ठेवून, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी घालत राहा. हवा राहिली तर सेन्सर वाफेत बसतो आणि काटा नाचतो.

घाटात एक गोष्ट भावाला नीट सांगा: चढाला काटा वर जाऊन अचानक सीवर पडला तर खूश होऊ नका. पाणी संपून सेन्सर कोरडा पडलाय. लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि झाकणाला अर्धा तास हात लावू नका.
— ह्यूस्टनहून