सातारा-सांगलीहून परदेशी विमानप्रवास: अंतर आणि वेळेचा हिशेब कसा धरता?

मुलं लंडन-न्यूयॉर्कला आणि आईवडील सांगली-साताऱ्यात, अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. तिकीट काढण्याआधी अंतर आणि वेळ कशी मोजता, गणित कुठे फसतं, ते आकड्यांसकट लिहा मंडळी.

कृष्णाकाठ: सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका. मुंबई-न्यूयॉर्कची सर्वांत जवळची वाट उत्तरेला 65 अक्षांशापर्यंत चढते आणि आइसलंडजवळून खाली उतरते. शाळेतला 30 सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल घेऊन दोरा ताणून बघा. गोलाचा परीघ 94 सेंमी, पृथ्वीचा 40,000 किमी, म्हणजे 1 सेंमीला साधारण 425 किमी. दोरा साडेएकोणतीस सेंमी भरतो, म्हणजे सुमारे 12,500 किमी. दोरा ढिला धरला की अंतर फुगतं.

अजिंक्यतारा: त्या 12,500 किमीला ताशी 900 किमीने भागलं की 14 तास येतात, पण वेळापत्रकात जाताना 16 च्या आसपास दिसतात. तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते, धावपट्टीपर्यंतची रांग त्यातच धरलेली. शिवाय वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून येताना वेळ कमी लागतो. हिवाळ्यात हा फरक जास्त. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाली, त्या वळशाने वेळ आणखी वाढली. त्यामुळे जुन्या तिकिटावरून अंदाज बांधू नका.

मिरजकर: घड्याळाचा फरकही मोसमाप्रमाणे बदलतो. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. न्यूयॉर्क साडेदहा आणि साडेनऊ. समजा हिवाळ्यात मुंबईहून रात्री 2:00 ला निघालं आणि लंडनला सकाळी 6:30 ला पोचलं. घड्याळात साडेचार तास दिसतात, त्यात साडेपाच मिळवा, प्रवास 10 तासांचा.

आणि तारीख! 15 तारखेची 2:00 ची फ्लाइट म्हणजे 14 च्या रात्री विमानतळावर. घरातल्या कॅलेंडरवर 14 लाच खूण करा.

खंबाटकी: खरी वेळ खातो तो रस्ता. साताऱ्याहून मुंबई विमानतळ 250 किमीच्या वर, सांगलीहून 380 च्या आसपास. साताऱ्याहून साडेपाच तास धरा, सांगलीहून आठ, आणि वर दीड-दोन तास राखीव. खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला, खेड शिवापूर टोलला रांग लागली किंवा पुण्यात नवले पुलापाशी गाडी अडकली की हेच दोन तास वाचवतात. पुण्यातली संध्याकाळी पाच ते आठची गर्दीही याच राखीव वेळात धरा. रात्री 2:00 च्या विमानासाठी 11 ला आत असायला हवं, म्हणून सांगलीकरांनी दुपारी एकला आणि सातारकरांनी चारला घर सोडावं. चेक-इन काउंटर बहुतेक कंपन्या 60 ते 75 मिनिटं आधी बंद करतात, तिथे गयावया चालत नाही. आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झालाय, तेव्हा तिकिटावर कोणता आहे ते ड्रायव्हरला आधीच सांगा.

वसंतदादानगरी: दुबईमार्गे फार लांब पडतं, हा समज काढून टाका. मुंबई-दुबई सुमारे 1,930 किमी, पुढे न्यूयॉर्क 11,000, म्हणजे थेट वाटेपेक्षा जेमतेम चारशे किमी जास्त. वेळ वाढतो तो मधल्या थांब्यामुळे. आईवडील एकटे असतील तर तीन-चार तासांचा थांबा बरा; दीड तासात गेट गाठताना गुडघे बोलतात. दोन्ही टप्पे एकाच बुकिंगवर घ्या. वेगवेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुसऱ्याचे पैसे सहसा बुडतात. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा.