ओपनएसएसएल अपडेट केलं, आता काय काय रीस्टार्ट करू? (अंबड, तीन शिफ्टचा कारखाना)

अंबडचा_अॅडमिन
मंडळी, सल्ला हवाय. अंबड एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचा सर्व्हर सांभाळतो. एकच मशीन, उबुंटू २२.०४. त्यावर एन्जिनएक्स (वेब सर्व्हर), पोस्टग्रेस (डेटाबेस), जीयुनिकॉर्नवर चालणारी पायथॉनमधली ईआरपी (कारखान्याचा हिशेब-चलनाचा प्रोग्राम) आणि मेलसाठी पोस्टफिक्स. सिक्युरिटी अपडेटमध्ये ओपनएसएसएल (नेटवरची देवाणघेवाण कूटबद्ध करणारी लायब्ररी) आलं, ते टाकलं. मध्येच ती जांभळी खिडकी आली, कुठल्या सर्व्हिसेस रीस्टार्ट करू म्हणून. कॅन्सल केलं, कारण दुसरी शिफ्ट चालू होती आणि चलन छापायचं थांबलं की ट्रकवाले थेट ऑफिसात येऊन उभे राहतात.

एन्जिनएक्स पूर्ण बंद-चालू न करता नुसतं रीलोड केलं तर भागेल का? दुसरं, ओपनएसएसएलची व्हर्जन विचारली तर अजून ३.०.२ च दाखवतंय. मग अपडेट झालं की नाही? शनिवारी कारखाना बंद असतो, तोवर थांबू का?

पंचवटी_एक्सप्रेस
रीबूट मारा, चहा घ्या. विषय संपला.

गोदाकाठ
रीबूटवाले भाऊ चुकीचे नाहीत, पण यांची अडचण शनिवारपर्यंतची आहे. जरा सविस्तर लिहितो.

अपडेटमध्ये डिस्कवरची लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड) बदलते. जी प्रोसेस (चालू प्रोग्राम) आधीपासून चालू आहे तिने जुनी फाइल मेमरीत धरून ठेवलेली असते. त्या फाइलीचं नाव गेलं तरी शेवटची प्रोसेस तिला सोडत नाही तोवर ती जिवंत राहते. खात्री करायची असेल तर प्रॉक डिरेक्टरीमध्ये त्या प्रोसेसच्या नंबरखाली मॅप्स नावाची फाइल असते ती उघडा. लिबएसएसएलच्या (ओपनएसएसएलची लायब्ररी फाइल) ओळीशेवटी 'डिलीटेड' दिसलं की ती सर्व्हिस अजून जुन्यावरच चालली आहे. सगळ्यांची यादी एकदम हवी तर नीडरीस्टार्ट पुन्हा चालवा (तुमची जांभळी खिडकी त्याचीच). फक्त यादी दाखवण्याचा पर्याय आहे त्यात, कशालाही हात लावत नाही.

३.०.२ चं कोडं सोपं आहे. उबुंटू मूळ व्हर्जन तीच ठेवून फक्त दुरुस्ती मागे आणून बसवतं. आकडा बघायचा तो पॅकेजचा, आणि त्याचा चेंजलॉग. शिवाय व्हर्जन विचारणारी ती कमांड तुम्ही आत्ता चालवली म्हणून तिने नवी लायब्ररी उचलली. त्यावरून आधीपासून चालू असलेल्या एन्जिनएक्सबद्दल काहीच कळत नाही.

रीलोडने भागणार नाही. रीलोडमध्ये मास्टर प्रोसेस तीच राहते आणि नवे वर्कर तिच्याच पोटातून निघतात, जुनी लायब्ररी घेऊन. रीस्टार्टच करा, आधी कॉन्फिगची चाचणी घेऊन. जराही खंड नको असेल तर मास्टरला यूएसआर२ सिग्नल देऊन नवा मास्टर उभा करता येतो, मग जुन्याला क्विट द्यायचं. पण एका कारखान्याच्या ईआरपीसाठी एवढा खटाटोप? एन्जिनएक्स डोळ्याची पापणी लवेपर्यंत परत येतं.

पोस्टग्रेसचंही तसंच, रीलोड म्हणजे फक्त कॉन्फिग पुन्हा वाचणं. तिथे रीस्टार्टला मात्र सगळी कनेक्शन्स तुटतात आणि अर्धवट ट्रान्झॅक्शन्स रोलबॅक होतात. ईआरपी त्याच मशीनवरून युनिक्स सॉकेटने (नेटवर्कशिवाय मशीनच्या आतल्या आत) जोडलेली असेल तर त्या वाटेवर एसएसएल (कूटबद्ध जोडणी) वापरलंच जात नाही. बाहेरून कोणी पोस्टग्रेसला जोडत नसेल तर ते शनिवारपर्यंत थांबलं तरी झोप उडवून घेऊ नका. इंटरनेटकडे तोंड करून बसलेल्या दोन गोष्टी, एन्जिनएक्स आणि पोस्टफिक्स, आजच.

अंबडचा_अॅडमिन
सॉकेटच आहे, बाहेरून पोर्ट बंद. रात्री ११ ला शिफ्ट बदलते, तेव्हा या दोन करतो. मेल हरवणार नाही ना?

गोदाकाठ
नाही. पलीकडचा सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. तसंही पोस्टफिक्सचा मास्टर कामाप्रमाणे छोटे प्रोग्राम नव्याने चालवत असतो, त्यामुळे तिथली बरीचशी जुनी लायब्ररी आपोआप मागे पडते.

सातपूर_लिनक्स
कंटेनरवाल्यांसाठी, म्हणजे डॉकरसारख्यात प्रोग्राम आपापल्या लायब्ररींसकट वेगळ्या डब्यात चालवणाऱ्यांसाठी, पुरवणी. होस्टवर (मूळ मशीनवर) अपडेट केलं म्हणून डॉकरच्या आतली लायब्ररी बदलत नाही. इमेज नव्याने बिल्ड करून कंटेनर नव्याने उभा करावा लागतो. नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) अधिकृत बिल्डमध्ये ओपनएसएसएल आतच बांधलेलं असतं, तिथे नोडच अपडेट करायचं. जावाचं टीएलएस (एसएसएलचंच आजचं रूप) सहसा स्वतःचं, ते या भानगडीत येत नाही.

रेड हॅटच्या घरातलं लिनक्स असेल तर नीडरीस्टार्टऐवजी नीड्स-रीस्टार्टिंग, सुसे लिनक्सवर झिपर पीएस. काम तेच.

पंचवटी_एक्सप्रेस
मी एका ओळीत लिहिलं म्हणून हसू नका. ग्लिबसी (जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम वापरतो ती मूळ लायब्ररी) अपडेट झालं की काय कराल? २०१५ च्या जानेवारीत तिच्यातली घोस्ट ही त्रुटी उघड झाली तेव्हा यादी काढली तर सिस्टिमडीपासून (सगळ्या सर्व्हिसेस चालू करणारा मूळ प्रोग्राम) सगळंच त्यात. डी-बस (प्रोग्राममधले निरोप पोचवणारी सर्व्हिस) हाताने रीस्टार्ट करायला जाऊ नये, मशीन विचित्र वागायला लागतं. तिथे रीबूटच. आणि रीबूटने आणखी एक कळतं, हे मशीन आपलं आपण उठतं की नाही. ते एमएसईबीची लाइट गेल्यावर कळण्यापेक्षा शनिवारी कळलेलं बरं.

गोदाकाठ
हे शंभर टक्के मान्य. रन डिरेक्टरीमध्ये रीबूट-रिक्वायर्ड नावाची फाइल असेल तर प्रश्नच मिटला, शेजारच्या पीकेजीएस फाइलीत कोणत्या पॅकेजमुळे तेही लिहिलेलं असतं. माझा आक्षेप 'शनिवारी रीबूट करू, तोवर काहीच नको' याला आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही त्रुटी उघड झाली तेव्हा एका विनंतीत ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर पडू शकत होती. पॅच टाकूनही रीस्टार्ट न केलेला वेब सर्व्हर तितकाच गळत राहायचा. तेव्हा तर सर्व्हरच्या गुप्त किल्ल्या आणि सर्टिफिकेटंही बदलावी लागली. प्रत्येक अपडेट एवढं गंभीर नसतं हे खरं, म्हणून अपडेटसोबतची सिक्युरिटी नोटीस वाचून ठरवा.

अंबडचा_अॅडमिन
ती फाइल आहे. पीकेजीएसमध्ये लिबएसएसएलसोबत कर्नलही (लिनक्सचा गाभा) निघालं. म्हणजे आज रात्री एन्जिनएक्स आणि पोस्टफिक्स, शनिवारी सकाळी बॅकअप घेऊन रीबूट. एसएसएच (लांबून लॉगिन करायची सर्व्हिस) पण यादीत आहे, ते घरून रीस्टार्ट केलं तर मी बाहेर फेकला जाईन का?

सातपूर_लिनक्स
चालू सेशन तुटत नाही. तरी आधी एसएसएचडीची (एसएसएचचा सर्व्हर प्रोग्राम) कॉन्फिग तपासा, रीस्टार्ट करा, आणि पहिली खिडकी उघडी ठेवून दुसरीतून लॉगिन होतं का बघा. झालं की मगच पहिली बंद करा. रीबूट मात्र घरून करू नका, मशीनसमोर बसूनच.