पीडीएफ वाचायला ठीक, जुळणीला नाही

पुस्तकाचं हस्तलिखित प्रकाशकाला थेट पीडीएफ करून पाठवावं, म्हणजे फॉन्टचा घोळ होत नाही, असा सल्ला दिला जातो. नुसतं वाचायला द्यायचं असेल तर अगदी बरोबर. पण स्वीकारल्यावर जुळणीसाठी, म्हणजे छपाईची पानं लावायला, युनिकोडमधली वर्ड फाइलच लागते. पीडीएफमधून मजकूर उचलला की पहिली वेलांटी आणि रफार जागा सोडतात. पुण्यात बरीच अक्षरजुळणी अजून श्रीलिपी या फॉन्ट-सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडपेक्षा वेगळ्या फॉन्टमध्ये होते, त्यामुळे फाइल कन्व्हर्टरमधून (फॉन्ट बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून) जाते. तिथे सगळ्यात आधी मोडतो तो ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’. ‘सुऱ्या’चा ‘सुर्या’ झाला तर शुद्धलेखन तपासनीसाच्याही नजरेतून सुटू शकतो. म्हणून जुळणी झालेल्या पानांचं पहिलं प्रूफ तपासायला आलं की ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘ॲ’चे शब्द आणि अवतरणचिन्हं आधी तपासा, मग बाकीचं. मूळ फाइलची प्रत मात्र स्वतःकडे जपून ठेवाच.

दुसरा मुद्दा प्रकाशकाशी होणाऱ्या कराराचा. छोट्या प्रकाशकांकडे तो बहुधा एक-दोन पानांचाच असतो. मुदत लिहिलीच नसेल तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क ५ वर्षांसाठी दिले असं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. करारात वेगळं काही नसेल आणि प्रकाशकाने वर्षभरात ते हक्क वापरलेच नाहीत, तर ते तुमच्याकडे परत येतात. नेमकं इथेच बघा: ‘कायमस्वरूपी’ किंवा ‘सर्व माध्यमांतील’ असे शब्द असतील तर सहीआधी खोडायला सांगा. ई-बुक, ऑडिओ आणि अनुवाद यांची कलमं वेगवेगळीच हवीत.