वहिनीच्या फाईलवर 'डिसोसिएटिव्ह' लिहिलंय, पुस्तकात तेच 'सोमॅटिक'मध्ये दिलंय, नक्की काय धरायचं?

कृष्णाकाठ_२१

नमस्कार सगळ्यांना. मी टीवायबीएला आहे, सायकॉलॉजी स्पेशल, गाव कराडच्या बाजूला. अपसामान्य मानसशास्त्राच्या पेपरला सोमॅटिक सिम्प्टम (शरीराच्या लक्षणांचे) आणि डिसोसिएटिव्ह (आठवण, ओळख, भान सुटं पडण्याचे) डिसऑर्डर्स असं एक युनिट आहे, चार वेळा वाचलं तरी डोक्यात बसत नाहीये, आणि खरं सांगते फक्त परीक्षेसाठी विचारत नाहीये.

माझ्या चुलत वहिनीला वर्षभर झटके येतायत. दिवाबत्तीच्या सुमारास जास्त. डोळे घट्ट मिटून घेते, हातपाय झाडते, पंधरा-वीस मिनिटं चालतं, मग खूप रडते आणि मधलं काहीच आठवत नाही म्हणते. आधी फिटच्या गोळ्या सुरू केल्या, काही फरक नाही. एमआरआय नॉर्मल, ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद, तीही नॉर्मल. शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलात दोन दिवस ठेवून व्हिडिओ ईईजी केला, त्यात झटका आला तेव्हाच्या रेघासुद्धा नॉर्मल निघाल्या, म्हणून सायकियाट्रीकडे पाठवलं आणि तिथे फाईलवर लिहून दिलं 'डिसोसिएटिव्ह कन्व्हल्शन्स, एफ ४४.५'.

आता माझ्या पुस्तकात असे झटके कन्व्हर्जन डिसऑर्डरमध्ये (मनातलं शरीराच्या लक्षणात उतरतं तो) आहेत आणि कन्व्हर्जन आहे सोमॅटिकच्या धड्यात. मग डॉक्टरांचं चुकलं की पुस्तकाचं?

दुसरं म्हणजे घरात काकू म्हणते नाटकं करते, काम नको म्हणून. आजी म्हणते बाहेरचं आहे, देवऋष्याकडे न्या. दादा काहीच बोलत नाही. मी म्हटलं नाटक नसतं हे, तर काकू म्हणाली मग सगळे रिपोर्ट नॉर्मल कसे, आणि मला उत्तरच देता आलं नाही. हे सुरू झालं ते तिचा भाऊ अपघातात गेल्यानंतर. तिला मातीला पोचता आलं नव्हतं, गाडीच मिळाली नाही वेळेवर.

सांगलीकर_मॅडम

अगं, दोघांचंही चुकलेलं नाही. तुझं पुस्तक डीएसएमवर चालतं, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाची पुस्तिका, ती अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनची. आपल्याकडचे डॉक्टर बरेचदा आयसीडीचे कोड लिहितात, ते सगळ्या आजारांचं वर्गीकरण, जागतिक आरोग्य संघटनेचं. एकच पेशंट, दोन कपाटं, आणि कन्व्हर्जनचा कप्पा एकाने एका कपाटात ठेवलाय आणि दुसऱ्याने दुसऱ्या. आयसीडी १० मध्ये एफ ४४ चं शीर्षकच डिसोसिएटिव्ह म्हणजेच कन्व्हर्जन विकार असं जोडून आहे, आणि एफ ४४.५ म्हणजे त्यातले झटके. आयसीडी ११ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, त्यातही हे डिसोसिएटिव्हमध्येच आहे.

असं का झालं ते समजलं की अख्खं युनिट सुटतं, मी वर्गात इथूनच सुरुवात करते. आधी हे सगळं मिळून एकच नाव होतं, हिस्टेरिया. ग्रीक भाषेत गर्भाशयाला जो शब्द आहे त्यावरून आलेलं, म्हणजे बाईचाच आजार हे त्या नावातच धरलेलं, आणि तो समज अजून आपल्या घराघरात आहे. १९ व्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर हॉस्पिटलमध्ये शार्को या न्यूरॉलॉजिस्टने अशा पेशंटचा नीट अभ्यास केला आणि पुरुषांनाही हे होतं हे ठासून सांगितलं. तिथलाच पिएर जाने. त्याचं १८८९ चं पुस्तक आहे, त्याचं म्हणणं असं की धक्का बसला की मनाचे जे भाग एरवी एकत्र चालतात ते सुटे होतात, आठवण एकीकडे, भान एकीकडे, हातापायावरचा ताबा तिसरीकडे. डिसोसिएशन ही कल्पना मुख्यतः त्याची. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये वेगळं मांडलं, की दाबून टाकलेली भावना शरीराच्या लक्षणात रूपांतरित होते, म्हणून कन्व्हर्जन.

१९६८ च्या डीएसएम २ मध्ये हिस्टेरिकल न्यूरोसिसचे दोन प्रकार होते, कन्व्हर्जन आणि डिसोसिएटिव्ह, शेजारी शेजारी. १९८० च्या डीएसएम ३ ने हिस्टेरिया हे नावच काढून टाकलं आणि या दोन बहिणींना वेगवेगळ्या घरी दिलं, कन्व्हर्जन शरीराच्या लक्षणांकडे गेलं, स्मृती-ओळख-भान यांचं ते डिसोसिएटिव्हमध्ये राहिलं. आयसीडीने ही वाटणी मान्य केली नाही. माझं स्वतःचं मत विचारशील तर तुझ्या वहिनीसारख्या केसमध्ये आयसीडीचं जास्त पटतं, कारण तिचं शरीरही सुटतंय आणि मधली आठवणही जातीय. पण पेपरात डीएसएमप्रमाणेच लिही हं, आणि शेवटी दोन ओळी आयसीडीच्या टाक.

रेसिडेंट_डॉक

मी सायकियाट्रीला सेकंड इयर रेसिडेंट आहे. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो कारण हा प्रश्न मला ओपीडीत रोज कोणीतरी विचारतंच.

काकूंना विचारा, वाईट बातमी ऐकून पाय लटपटतात तेव्हा पायाचा एक्सरे काढला तर काय दिसेल? काही नाही. पोटात गोळा येतो, सोनोग्राफीत तो गोळा सापडत नाही. घशाशी आवंढा येतो, डोकं सुन्न होतं, हातपाय गळून जातात, हे सगळं आपण रोज बोलतो आणि कोणी त्याला नाटक म्हणत नाही. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, गाठ आहे का, रक्तस्राव आहे का. मेंदू त्या क्षणी शरीर कसं चालवतोय ते त्या फोटोत दिसत नाही. या आजारात रचना धड असते, चालवण्यात बिघाड होतो, आणि तो पेशंट ठरवून करत नाही.

आणि हे निदान फक्त 'रिपोर्ट नॉर्मल म्हणून मानसिक' असं करायचं नसतं, हे विद्यार्थ्यांनी पक्कं लक्षात ठेवा. २०१३ च्या डीएसएम ५ ने हाच मोठा बदल केला. कन्व्हर्जनसाठी खुणा सापडाव्या लागतात. उदाहरण म्हणून हूवर साइन, १९०८ मध्ये वर्णन केलेली. एक पाय लुळा पडलेला पेशंट पाठीवर झोपवायचा, लुळ्या पायाची टाच खाली दाब म्हटलं तर जोर लागत नाही, पण दुसरा, चांगला पाय वर उचलायला सांगून आपण तो दाबून धरला तर लुळ्या पायाची टाच आपोआप खाली दाबली जाते. म्हणजे ताकद आहे, लक्ष देऊन हलवायला गेलं की ती मिळत नाही. झटक्यांमध्ये डोळे घट्ट मिटलेले असणं, खूप वेळ चालणं, मध्येच थांबून परत सुरू होणं या खुणा, पण एकट्या एका खुणेवर कधीच ठरवत नाही. साधा ईईजी नॉर्मल आला म्हणून फिट नाही असंही नसतं, खऱ्या एपिलेप्सीतही दोन झटक्यांच्या मध्ये तो नॉर्मल येऊ शकतो. म्हणून व्हिडिओ ईईजी, तो तुमच्याकडे झालाय हे फार चांगलं झालं.

मुद्दाम करण्याचे शब्द वेगळे आहेत. रजा किंवा पैसे अशा फायद्यासाठी सोंग घेणं म्हणजे मॅलिंगरिंग, तो आजारच नाही. फॅक्टिशियस डिसऑर्डरमध्ये माणूस लक्षणं मुद्दाम आणतो पण बाहेरचा असा काही लाभ दिसत नाही, तो मात्र डीएसएम ५ मध्ये याच सोमॅटिक धड्यात आहे. वहिनी या दोन्हीत नाहीत.

निळी_छत्री

मला हे झालं होतं म्हणून लिहितेय. सहा वर्षांपूर्वी, नोकरीच्या गावी. एका कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी माझ्यासमोर नर्सला सांगितलं काही नाहीये हिला, आणि मी ते ऐकत होते पण डोळे उघडता येत नव्हते, इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं. घरी कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, एकदा गालावर मारलं. यातलं काहीही करू नका प्लीज. कुशीवर वळवा, आसपासच्या टोकदार वस्तू काढा, हातपाय दाबून धरू नका, गर्दी हटवा आणि एकाच माणसाने हळू आवाजात बोलत राहा.

झटक्याच्या आधी मला काचेच्या पलीकडून सगळं बघतेय असं व्हायचं, स्वतःचा आवाज दुसऱ्याचा वाटायचा. नंतर कळलं याला डीपर्सनलायझेशन म्हणतात. थेरपिस्टने मला हे सुरू होताना ओळखायला शिकवलं, पाय जमिनीवर दाबायचे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची. लगेच नाही झालं, आठ-नऊ महिने गेले. आणि माझ्या बाबतीत जे मनात अडकलं होतं ते मी कुणापुढे तरी एकदा पूर्ण बोलले तेव्हा पहिल्यांदा आठवडाभर झटका आला नाही. तुझ्या वहिनीला भावाबद्दल कुणी विचारलंय का गं?

कृष्णाकाठ_२१

ताई, नाही विचारलं. उलट रडू नको, जाणारा गेला, असंच सगळे म्हणतात. मी विचारेन.

मॅडम, अजून एक अडतंय, सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर आणि इलनेस अँझायटी यात काय फरक, दोन्हीत माणूस डॉक्टरांकडेच फिरतोय ना. आणि आजीच्या बाहेरच्याचं काय सांगू?

सांगलीकर_मॅडम

पहिल्यात लक्षण खरंच त्रास देत असतं, आणि त्याबद्दलचा विचार, भीती, वेळ यांचं प्रमाण सुटलेलं असतं, साधारण सहा महिन्यांच्या वर. इथे एक सापळा आहे, शारीरिक आजार सापडला तरी हे निदान होऊ शकतं. समज एखाद्याला हार्ट अटॅक येऊन गेलाय, स्टेंट बसलाय, डॉक्टर म्हणतात आता चालाफिरा, पण तो दिवसातून पन्नास वेळा नाडी बघतो, जिना चढत नाही, दर आठवड्याला ईसीजी. स्टेंट खरा आणि विकारही खरा. इलनेस अँझायटीत लक्षण नसतंच किंवा अगदी किरकोळ, मला कॅन्सर झालाय ही धास्तीच मुख्य. जुन्या हायपोकॉन्ड्रियाची डीएसएम ५ ने अशी दोन घरात विभागणी केली. आणि डिसोसिएटिव्हमध्ये मुलं सगळं उत्तर बहुव्यक्तिमत्त्वावर खर्च करतात, सिनेमामुळे, तसं करू नको, डिसोसिएटिव्ह ॲम्नेशिया (आठवण जाणं) आणि डीपर्सनलायझेशनला तेवढीच जागा दे. आणि बहुव्यक्तिमत्त्वाला स्किझोफ्रेनिया म्हणालीस तर मार्क गेले.

आजींना दुखवू नको. नवरात्रात आरतीला अंगात येतं, सगळ्यांना ते मान्य असतं, बाई नंतर उठून कामाला लागते, त्याला डीएसएमसुद्धा विकार म्हणत नाही. नको असताना, ताबा नसताना येतं आणि जगणं विस्कटतं तेव्हा तो विकार. पण देवऋष्याकडे नेऊन मारहाण, धूर, उपाशी ठेवणं असलं काही होणार असेल तर ठाम राहा, भूत उतरवायच्या नावाखाली मारणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आजींना म्हण की देवीला नारळ फोडू आणि डॉक्टरांकडेही जाऊ.

कृष्णाकाठ_२१

मॅडम, सर, ताई, खूप खूप आभार. काकूला पाय लटपटण्याचं सांगितलं, ती गप्प बसली आणि मग म्हणाली की मामा गेले तेव्हा तिची दोन दिवस वाचा बसली होती. मला हे माहीतच नव्हतं. पण एक गडबड झालीय, फिट नाही असं कळल्यावर काकूने परवापासून वहिनीच्या फिटच्या गोळ्या बंद केल्यात.

रेसिडेंट_डॉक

हे आधी बघा. फिटच्या गोळ्या एकदम तोडल्या तर त्यामुळेच खरी फिट येऊ शकते, आणि काही पेशंटना दोन्ही प्रकारचे झटके असतात. गोळ्या कमी करायच्या असतील तर न्यूरोचे डॉक्टर हळूहळू करतील. आजच त्यांना फोन करून दोन दिवस चुकलेत हे स्पष्ट सांगा, स्वतःच्या मनाने डबल डोस देऊ नका. पुढच्या वेळी जाताना घरातल्या झटक्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या, वहिनींना विचारून. आणि फॉलोअपची तारीख लांब असेल आणि मध्येच बोलावंसं वाटलं तर टेलीमानस १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. वहिनींनी स्वतः केला तरी चालतो.