व्यायामाआधी खोबरेल तेल पिऊन काय मिळतं?

सड्यावरचा, रत्नागिरी
इथून आरे-वारे मार्गे गणपतीपुळ्याला सायकलने जाणाऱ्या पोरांत सध्या नवं खूळ शिरलंय. पहाटे निघताना दोन चमचे खोबरेल तेल प्यायचं, वर बिनसाखरेची काळी कॉफी. का, तर म्हणे शरीर चरबीवर चालतं. मला हे साफ चुकीचं वाटतं.

शरीर चरबीवर चालतं, खरं आहे. पण कुठल्या? प्यायलेलं तेल पचून, लसीकावाहिन्या नावाच्या वेगळ्या नळ्यांतून फिरून रक्तात येतं, आणि तिथे त्याचं प्रमाण सगळ्यात वर जातं ते साधारण तीन-चार तासांनी. तोवर तुम्ही पुळ्याहून घरी परत. वाटेत जळते ती आधीच साठलेली चरबी. पॅडल मारायला लागलं की अॅड्रेनॅलिन वाढतं, इन्सुलिन उतरतं, चरबीच्या पेशी फॅटी अॅसिडं सोडतात आणि ती अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला धरून स्नायूंपर्यंत पोचतात. थोडी चरबी तर स्नायूंतच असते. ७० किलोच्या माणसात १५ टक्के चरबी धरली तरी ९० हजारांहून जास्त कॅलरी झाल्या. तिथे दोन चमच्यांची भर कशाला?

कमी पडतं ते ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला कर्बोदकांचा साठा. स्नायू आणि यकृत मिळून अर्धा किलोच्या आसपास, म्हणजे साधारण २००० कॅलरी. आरे-वारेचा चढ लागून बोलताना धाप लागली की शरीराचा भर त्याच्यावरच येतो, कारण तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये कर्बोदकांतून जास्त ऊर्जा निघते. निघण्याआधी वाटीभर पेज प्या.

दर्यावर्दी
पेज प्यायलं की इन्सुलिन वाढतं आणि चरबी सुटणंच आखडतं, हे का नाही लिहिलंत? मी भात-भाकरी अगदी कमी केली आहे आणि लांबच्या पल्ल्यात मला मधे काही खावं लागत नाही. २०१६ साली अमेरिकेत व्होलेक यांच्या गटाने लांब पल्ल्याच्या तयारीच्या खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. कर्बोदकं कमी खाणाऱ्यांची चरबी जाळण्याची कमाल गती मिनिटाला सुमारे १.५ ग्रॅम निघाली, भरपूर खाणाऱ्यांची पाऊण ग्रॅमच्या आत. शरीराला जी सवय लावाल तसं ते वळतं. शिवाय खोबरेल हे मध्यम साखळीचं तेल, म्हणजे त्यातल्या फॅटी अॅसिडांची साखळी आखूड, ते थेट यकृतात जातं. शेंगदाणा तेलाचा हिशेब त्याला लावू नका.

पोफळी, दापोली
खोबरेल तेलाबद्दलचा हा समज फार पसरलाय, म्हणून सविस्तर लिहिते. त्यातलं जवळजवळ निम्मं लॉरिक अॅसिड. नावाने ते मध्यम साखळीत मोडतं, पण बहुतांशी बाकीच्या तेलांसारखं लसीकेच्या लांबच्या वाटेनेच जातं. थेट यकृताकडे जाणारी कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही अॅसिडं मिळून १५ टक्क्यांच्या आतबाहेर. बाटलीत मिळणारं एमसीटी तेल, म्हणजे वेगळं काढलेलं मध्यम साखळीचं तेल, ही निराळी वस्तू आहे, आणि तेही एका वेळी ३० ग्रॅमच्या पुढे गेलं की पुष्कळांचं पोट बिघडतं.

व्होलेक यांचे आकडे बरोबर आहेत. पण चरबी जास्त जळणं आणि वेग वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी. लुईझ बर्क यांनी ऑस्ट्रेलियात अव्वल दर्जाच्या चालपटूंवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये आला. तीन आठवडे कडक सराव, एका गटाला कर्बोदकं जवळपास बंद. त्यांची चरबी भरपूर जळू लागली, पण त्याच वेगाला ऑक्सिजन जास्त लागू लागला आणि १० किलोमीटरच्या शर्यतीत त्यांची वेळ सुधारली नाही. कर्बोदकं खाणाऱ्यांची सुधारली.

मांडवीवर चालणारी
मी वजनासाठी उपाशीपोटी चालते. हळू चाललं की चरबीच जास्त जळते ना? मग पेज कशाला?

पोफळी, दापोली
ताई, हळू चालण्यात चरबीचा वाटा जास्त असतो, पण एकूण खर्चच कमी. वजन ठरतं ते दिवसभरात, आठवडाभरात किती खाल्लं आणि किती खर्चलं त्यावर. उपाशीपोटी बरं वाटत असेल तर खुशाल चाला. फक्त मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

रापणकाराची लेक, मालवण
सड्यावरचे दादा, माका ह्या पटणा नाय. तेल-खोबऱ्याला तुम्ही फुकटचं काढून टाकलंत. आमचे बाबा रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मासळीचं जाळं ओढायला, जाताना उकड्या तांदळाची पेज पीत, पण सोबत खोबऱ्याची चटणी, आणि आदल्या रात्री नारळाच्या रसातलं बांगड्याचं तिखलं असायचंच. दोरीला माणसं ओळीने लागलेली, टाचा ओल्या वाळूत रुतवून मागे मागे सरकायचं, तासन् तास, एका लयीत. ते काम बरंचसं चरबीवर होतं, तुमच्याच हिशेबाने. जाळं काठाशी आलं की मग सगळ्यांनी जीव खाऊन ओढायचं, तिथे पेज कामाला येते. दोन्ही लागतं. रोजच्या जेवणात खोबरं नको असं पोरांच्या डोक्यात गेलं तर ते नुकसानच.

सड्यावरचा, रत्नागिरी
रोजच्या जेवणाला माझा विरोध नाहीच. स्नायूंतला चरबीचा साठा त्यातूनच भरतो. मी बोलतोय ते निघण्याआधी घोटभर तेल पिण्याबद्दल. आणि दर्यावर्दी, इन्सुलिनचा मुद्दा खरा, पण पेज पिऊन तासाभराने रमतगमत निघालात तरी चरबी जळायची बंद होत नाही, कमी होते. चढावर मात्र पाय जड होत नाहीत.

दर्यावर्दी
मला शर्यत मारायची नाही. सपाटीला चार-पाच तास एका चालीने जायचं, पोट हलकं ठेवायचं, एवढंच हवं. त्यासाठी माझा आहार मला मानवलाय आणि तो मी बदलणार नाही. निघतानाच्या तेलावर मी अडून बसत नाही. पण नव्या पोरांना सरसकट पेज सांगताना, कोण किती लांब आणि किती जोरात जाणार ते आधी विचारा.