मदत हवी आहे : व्हॅली फोर्जमधील नदीकाठची पायवाट ज्येष्ठांना झेपेल का?

नमस्कार मंडळी,

माझे आई-बाबा लवकरच पुण्याहून आमच्याकडे, फिलाडेल्फियाजवळ, राहायला येत आहेत. बाबांना इतिहासाची मनापासून आवड आहे. आईच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असून सपाट वाटेवर ती तासभर सावकाश चालते. चढ-उतार आणि पायऱ्या मात्र तिला टाळाव्या लागतात. दोघांनाही एकत्र नेता यावे म्हणून मी व्हॅली फोर्ज राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान निवडले आहे, आणि स्कूलकिल नदीच्या उत्तर काठाने बेट्झवुडपासून पॉलिंग्ज रोडपर्यंत जाणाऱ्या, सुमारे तीन मैलांच्या ‘रिव्हर ट्रेल’विषयी मला जाणकारांकडून माहिती हवी आहे.

बाबांनी सह्याद्रीतले बरेच किल्ले पायी पाहिले आहेत, त्यामुळे लष्करी इतिहास म्हटला की तट, बुरूज आणि रणांगण त्यांच्या डोळ्यांपुढे येते. व्हॅली फोर्जला लढाई झालीच नाही, आणि माझ्या मते हेच या जागेचे मोठेपण आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फिलाडेल्फिया इंग्रजांच्या ताब्यात असताना अमेरिकन सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सुमारे 12,000 सैनिकांनी 19 डिसेंबर 1777 रोजी येथे तळ ठोकला आणि 19 जून 1778 रोजी तो हलवला. त्या सहा महिन्यांत जवळजवळ 2,000 माणसे दगावली, ती गोळीने नव्हे, तर टायफस, विषमज्वर आणि हगवणीने. चौदा बाय सोळा फुटांच्या एकेका ओंडक्यांच्या झोपडीत बारा जण राहत होते. धान्य आणि कपडे वेळेवर पोहोचत नव्हते. अशाच सैन्याला फेब्रुवारीत आलेल्या फॉन श्टॉयबेन या प्रशियातील अधिकाऱ्याने कवायत शिकवून शिस्त लावली.

यातले बरेचसे दक्षिणेकडील टेकड्यांवर पाहायला मिळते, पण तिकडे आईला चढ त्रासदायक होतील. नदीकाठी उभे राहिले तर तळाच्या उत्तरेला हे पात्र आडवे असल्याचा काय फायदा होता, आणि वॉशिंग्टन यांच्या सैन्यातील जनरल सुलिव्हन यांच्या देखरेखीखाली त्यावर लाकडी पूल का बांधावा लागला, हे बाबांना समोर दाखवून सांगता येईल, असे मला वाटते.

माझ्या शंका अशा आहेत. वाट डांबरी नाही हे मला ठाऊक आहे, परंतु पावसानंतर चिखल किती राहतो आणि झाडांची मुळे पायात येण्याइतकी वर आलेली आहेत का? शेवटपर्यंत गेलो नाही तर मध्येच परतण्यात काही महत्त्वाचे हुकते का? आणि 2016 मध्ये खुल्या झालेल्या नव्या सुलिव्हन्स ब्रिजवरून पायी पलीकडे जाणे आईला जमेल का? अलीकडे ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया अनुभव कळवावा.

प्रतिसाद :

आपण निवडलेली वाट योग्य आहे. संपूर्ण उद्यानात गुडघ्याला इतकी सोसणारी दुसरी मातीची वाट मला माहीत नाही. ती नदीच्या पूरमैदानातून जात असल्यामुळे जवळजवळ सपाट आहे आणि बहुतेक ठिकाणी मोठ्या झाडांची सावली आहे. मात्र याच कारणाने जोराच्या पावसानंतर एक-दोन दिवस थांबूनच जावे. माती ओली असली की पाय घसरतो. मुळे काही ठिकाणी वर आलेली आहेत, तेव्हा आईंनी हातात काठी ठेवलेली बरी.

बेट्झवुडला गाडी लावावी, तेथे स्वच्छतागृहही आहे. शेवटपर्यंत जाण्याचा आग्रह धरू नये. अर्ध्या तासाने मागे फिरल्यास काहीही हुकत नाही, कारण नदी सतत डाव्या हाताला दिसत राहते. सुलिव्हन्स ब्रिज पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठीच बांधलेला आहे आणि त्यावर पायऱ्या नाहीत. त्याच्या मध्यावर थांबून दोन्ही काठ दाखवावेत आणि परत यावे, कारण पलीकडे उतरल्यावर पुढे चढ लागतात. वॉशिंग्टन यांचे दगडी मुख्यालय पाहायला गाडीनेच जावे. आत जिना आहे, परंतु आईंना तळमजला पाहता येईल. उद्यानाला प्रवेशशुल्क नाही.

एक गोष्ट विसरू नका. या भागात हरणे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यामुळे गोचिडीही. गोचिडींच्या चाव्यातून लाइम रोग (जिवाणूंमुळे होणारा आजार) होऊ शकतो, आणि भारतातून येणाऱ्यांना याची सहसा कल्पना नसते. दोघांनाही फिकट रंगाची लांब विजार घालायला सांगून पायमोजे तिच्यावर ओढून घ्यावेत, वाट सोडून गवतात शिरू नये, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत व केसांच्या कडेला नीट तपासावे. गोचीड चिकटलेली दिसलीच तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तेल किंवा चटका देऊ नये.